ड्रिल मशीनवर मिलिंग : कुठवर, आणि कुठे नाही

(मंडळाच्या श्रावणातल्या बैठकीत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी हातानं करून दाखवलेला भाग इथे शब्दांत लिहिला आहे.)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे सभासद, माता-भगिनी, आणि मागे दाराशी उभी असलेली देखावा समितीची मुलं,

आम्ही चौघे उद्यमबागेतून निवृत्त झालेले. एक फिटर, एक टर्नर, एक टूलरूममधला, आणि एकानं सगळी नोकरी तपासणी खात्यात मायक्रोमीटर धरून काढली. आता एकाच्या परसातली पत्र्याची शेड हा आमचा अड्डा. आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो या मुलांनी आमच्यावर टाकला आहे. चलदेखाव्याची तयारी सुरू झाली की रोज कोणीतरी येऊन विचारतो, “काका, ड्रिल मशीनवर मिलिंग होतं का?” मोबाइलवर कोणीतरी ते करताना यांनी पाहिलेलं असतं. आमच्यातला फिटर “होतं” म्हणतो, टूलरूमवाला “होत नाही” म्हणतो, आणि चहा गार होतो. दोघांचंही खरं आहे. ते कसं, तेवढंच आज सांगायचं आहे.

ज्यांचा यंत्रांशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन वाक्यं. ड्रिल म्हणजे सुताराचं गिरमिट. ते फिरतं, खाली उतरतं आणि भोक पाडतं. मिलिंगचं काम खवणीवर नारळ खवण्याच्या जवळचं आहे. फरक इतकाच की दाते फिरत असतात आणि धातूचा तुकडा, ज्याला आम्ही जॉब म्हणतो, तो त्यांच्यावरून आडवा सरकतो. त्यातून सपाट पृष्ठभाग मिळतो, खाच मिळते, लांबट गाळा मिळतो. आता पोरांना हे कशाला हवं? भंगारातून बारा व्होल्टची वायपर मोटर आणली, तिच्या आर्मला पट्टी जोडली, की हत्तीची सोंड हलते. पण सोंड किती हलावी हे जागेवर कमीजास्त करता यायला हवं. त्यासाठी पट्टीत गोल भोक चालत नाही, बोल्ट सरकेल असा लांब गाळा, म्हणजे स्लॉट, लागतो. तो स्लॉट हे सगळ्या वादाचं मूळ आहे.

ड्रिल मशीनही फिरतं आणि मिलिंग मशीनही फिरतं. दोन्हींत कटर उभाच असतो. मग ड्रिल काढून एंड मिल लावला तर बिघडतं कुठे?

हे समोर ठेवलेलं १३ मिलिमीटरचं बेंच ड्रिल बघा. चक वर कशानं धरलेला आहे? त्याला बोल्ट नाही, पिन नाही, आटे नाहीत. चकाच्या मागची दांडी किंचित निमुळती आहे आणि ती तशाच निमुळत्या भोकात नुसती दाबून बसवलेली आहे. मोठ्या पिलर ड्रिलमध्ये याला मोर्स टेपर म्हणतात. स्टीफन मोर्स या अमेरिकन कारागिराचं ते नाव. दर २० मिलिमीटर लांबीला व्यास साधारण १ मिलिमीटरनं कमी होतो. एवढा सावकाश उतार असला की दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना घर्षणानंच धरून ठेवतात. पितळी डब्याचं झाकण दाबून बसवलं की निघता निघत नाही, तसं. ड्रिल करताना आपण दांडा खाली ओढतो, जॉब ड्रिलला वर ढकलतो, आणि टेपर उलट अधिकच घट्ट होतो. म्हणजे जितकं काम जोरात, तितकी पकड पक्की. फार हुशारीची रचना आहे. मात्र ती एका दिशेपुरती आहे.

आता एंड मिल लावा. त्याच्या कडेला वळणदार दाते असतात. नेहमीच्या एंड मिलचं वळण असं असतं की कटर धातूत शिरला की स्वतःलाच खाली ओढून घेतो. शिवाय प्रत्येक दाता धातूला लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. बाजूनं सतत ठोसे बसत राहतात. खालची ओढ आणि बाजूचे ठोसे, दोन्ही मिळून तो टेपर सोडवायला बघतात. ज्या बळानं ड्रिल करताना चक वर बसला, त्याच्या बरोबर उलट कारभार. मिलिंग मशीनच्या टेपरमध्ये वरून एक लांब बोल्ट आत जातो आणि कटर धरणाऱ्या भागाला वर खेचून ठेवतो. त्याला ड्रॉ-बार म्हणतात. साध्या ड्रिल मशीनचा स्पिंडल वरून आरपार पोकळ नसतो, त्यामुळे ड्रॉ-बार घालायला वाटच नाही.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच गावातल्या एका मंडळाच्या शेडमध्ये हे घडलं. मंडळाचं नाव सांगत नाही. विसर्जनाच्या नव्हे, प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री, अडीचच्या सुमारास, १० मिलिमीटरचा एंड मिल ड्रिलच्या चकात धरून लोखंडी पट्टीत स्लॉट मारणं चाललं होतं. पहिले दोन स्लॉट व्यवस्थित झाले, आणि आमच्या मते वाईट झालं ते हेच. तिसऱ्याला चक टेपरमधून सुटला. फिरता चक आणि त्यातला कटर पट्टीवर आपटून मुलाच्या डाव्या हातावर आला. स्विच मागच्या भिंतीवर होता. अंगठ्याच्या मुळाशी पाच टाके पडले, आणि डॉक्टर म्हणाले की शीर थोडक्यात वाचली. तो मुलगा आज सभागृहात बसला आहे. त्याला विचारूनच हे सांगितलं, आणि एवढंच सांगणार आहोत.

टेपर हा एक भाग झाला. दुसरा भाग चक स्वतः. त्याचे तीन जबडे कटरच्या दांडीला तीन रेषांवर धरतात. ड्रिलला तेवढं पुरतं. एंड मिलची कडक, गुळगुळीत दांडी मात्र ठोशांनी त्या जबड्यांतून हळूहळू खाली सरकत येते. अर्धा मिलिमीटरचा कट लावलेला असतो आणि काही सेकंदांत तो एक मिलिमीटर होतो. बघणाऱ्याला कळतही नाही, फक्त आवाज बदलतो. आमच्या फिटरला तो आवाज पाठमोरा उभा राहूनही ऐकू येतो, पण त्याला चाळीस वर्षं लागली.

तिसरा भाग म्हणजे ढिलेपणा. त्या दिवशी आम्ही या मशीनच्या चकाला डायल गेज टेकवला आणि सभासदांपैकीच एका वहिनींना पुढे बोलावून चक अंगठ्यानं बाजूला दाबायला सांगितला. काटा सहा-सात घरं हलला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. अंगठ्याला एवढं, तर कटरच्या ठोशांना किती? स्पिंडल ज्या नळीतून वरखाली होतो ती जितकी खाली काढाल तितकं हे वाढतं. मिलिंग मशीनचा बीडाचा अवजड सांगाडा आणि आडवं बळ पेलणारी बेअरिंगं यासाठीच असतात. ड्रिल मशीनचं टेबल एका खांबाला एका हातानं लटकलेलं असतं. कडेला दाबलं की तेही खाली झुकतं. यात बनवणाऱ्याची काही चूक नाही. त्यानं भोकं पाडायचं यंत्र केलं आणि ते उत्तम केलं.

मग फिटर “होतं” म्हणतो ते कोणत्या आधारावर? मऊ पदार्थ आणि नखाएवढा कट. नायलॉन, ॲक्रिलिक, अल्युमिनियम. अल्युमिनियमवर एका वेळी पाव मिलिमीटर, फार तर अर्धा. कटर लहान, ६ मिलिमीटरच्या आसपास. नळी जमेल तितकी आत ठेवायची, टेबल वर घ्यायचं, आणि नळी जागेवर घट्ट करायचा बोल्ट मशीनला असेल तर तो आवळायचा. पुष्कळ स्वस्त मशीनांना असा बोल्टच नसतो. अशा मशीनवर मिलिंगचा विचारच सोडून द्यावा असं आमचं चौघांचंही एकमत आहे, आणि आमचं एकमत क्वचित होतं. टेपर रॉकेलनं पुसून कोरडा करायचा, चकाचे जबडे आत घ्यायचे आणि चक लाकडी हातोडीनं ठोकून बसवायचा. यानं धोका कमी होतो, जात नाही. लोखंडाला, पोलादाला कटर लावायचा नाही. पितळ मऊ आहे म्हणून फसू नका, ते कटरला ओढून घेतं.

वेगाचा हिशेब सोपा आहे. कटरची धार मिनिटाला किती मीटर चालावी हे धातूवर ठरतं. हायस्पीड स्टीलच्या कटरला साध्या लोखंडात २५ मीटर, अल्युमिनियममध्ये ६० ते ७५. त्या आकड्याला हजारानं गुणायचं आणि कटरच्या परिघानं भागायचं. ६ मिलिमीटरचा कटर, ६० मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे. बेंच ड्रिलचा पट्टा सगळ्यात वरच्या पुलीवर चढवला तरी बहुतेक वेळा एवढा वेग मिळत नाही. मग जॉब अधिक सावकाश सरकवायचा, इतकंच.

जॉब सरकवायला क्रॉस व्हाइस मिळतो, दोन दिशांना स्क्रूनं सरकणारा. त्याच्या स्क्रूमध्ये खेळ असतो. हँडल उलट फिरवलं तर पहिला पाव फेरा काहीच हलत नाही, तो हा खेळ. म्हणून जॉब नेहमी दात्यांच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवायचा, म्हणजे कटर त्याला मागे ढकलत राहतो आणि स्क्रू ताणात राहतो. उलट दिशेनं सरकवलात तर कटर जॉबला तेवढ्या खेळाइतका एकदम ओढून घेतो आणि कटर तरी मोडतो, जॉब तरी उडतो. जॉब हातानं धरून मिलिंग करण्याबद्दल बोलायचीसुद्धा आमची इच्छा नाही. एकाच दात्यानं सपाटी मारणारा फ्लाय कटर ड्रिल मशीनला लावायचा नाही. दर फेऱ्याला एक हातोडा बसतो तो.

इथे थोडं विषयांतर. मिलिंग मशीन आणि ड्रिल यांचं नातं जुनं आहे, आणि गमतीचं आहे. पीळदार ड्रिलच्या अंगावरच्या त्या दोन खाचा एकेकाळी कारागीर गोल कानशीनं हातानं घासत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, बंदुकांच्या कारखान्यांना ड्रिल भराभर हवी झाली, आणि हे हातकाम पुरेना. त्यातून ब्राउन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांनी १८६१-६२च्या सुमारास युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केलं. ड्रिलच्या खाचा हे त्याचं पहिलं काम. म्हणजे मिलिंग मशीन ड्रिल बनवायला जन्मलं, आणि आपली मुलं ड्रिल मशीनला मिलिंग मशीन बनवायला निघाली आहेत.

आता त्या स्लॉटकडे येऊ. कारण खरी गरज स्लॉटची आहे, मिलिंगची नाही.

मागच्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी वडगावातले एक यंत्रमागवाले आमच्याकडे आले. मागाचा एक बीडाचा ब्रॅकेट मोडला होता. मागावर ताणा चढलेला, सणाची मागणी डोक्यावर, आणि त्या जुन्या मागाचे सुटे भाग कुठे मिळत नव्हते. उद्यमबागेत फिरून आले होते. तिथली दुकानं आता सीएनसीवर चालतात. प्रोग्रॅम लिहा, जॉब सेट करा, आणि काढायचा एकच नग, हे कोणाला परवडणार? त्यांना दोष देता येत नाही. पण एक नग करून देणारा माणूस गावातून कमी होत चालला आहे आणि माग मात्र एका नगासाठी बंद पडतो, हेही खरं.

ब्रॅकेट आम्ही ८ मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटमधून केला. त्यात ८ मिलिमीटर रुंद, ४० मिलिमीटर लांब स्लॉट हवा होता. तो कसा काढला ते सविस्तर सांगतो, कारण मुलांनी घरी करायचं ते हे.

प्लेटला निळा रंग लावून वाळवला. स्क्रायबरनं मधली रेषा आणि स्लॉटची हद्द ओढली, गुण्या लावून तपासली. स्लॉटच्या दोन टोकांच्या गोलाईंचे मध्य ३२ मिलिमीटर अंतरावर येतात. ते अंतर आठ-आठ मिलिमीटरांत वाटलं की पाच खुणा होतात. प्रत्येक खुणेवर सेंटर पंच, आधी हलका, भिंगातून बघून, मग ठोस. जॉब टेबलाला क्लॅम्पनं आवळला. पाचही जागी ३ मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं, म्हणजे मोठं ड्रिल भटकत नाही. नंतर ७.५ मिलिमीटरचं ड्रिल, वेग हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि वरून तेलाचे थेंब. पहिलं, तिसरं, पाचवं भोक आधी, मग दुसरं आणि चौथं. दोन भोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा उरतो. भोकं एकमेकांत घुसवायची नाहीत, हे महत्त्वाचं. घुसवली तर ड्रिलला एका बाजूनं धातू आणि दुसऱ्या बाजूनं हवा लागते, ते वाकडं पळतं, आणि पुन्हा तेच आडवं बळ आलं जे या मशीनला सोसत नाही.

मग जॉब व्हाइसमध्ये उभा धरला. अरुंद छन्नीनं ते चार पापुद्रे तोडले. उरली कानस. सुरुवात बास्टर्ड कानशीनं (हे कानशीचं खरोखरचं नाव आहे, माता-भगिनींनी गैरसमज करून घेऊ नये), मग सेकंड कट, शेवटी स्मूथ. दोन्ही बाजूंना पाव-पाव मिलिमीटर घासायचं असतं. मध्ये मध्ये ८ मिलिमीटरची दांडी घालून बघायची, कुठे अडते तिथे शाईचा डाग उमटतो, तेवढंच घासायचं. आमच्या तपासणीवाल्यानं शेवटी व्हर्निअर लावला आणि नेहमीप्रमाणे एका टोकाला नाक मुरडलं. पण बोल्ट सरकत होता. सगळा ब्रॅकेट मिळून दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दिवशी माग सुरू झाला.

मिलिंग मशीनवर तोच स्लॉट पंधरा मिनिटांत होतो, हे लपवायचं कारण नाही. ज्यांना पन्नास ब्रॅकेट हवेत त्यांनी उद्यमबागेतच जावं. एक हवा असेल तर ड्रिल आणि कानस पुरतात. यात ड्रिल मशीन फक्त भोकं पाडतं. म्हणजे जे त्याला उत्तम येतं तेवढंच आपण त्याच्याकडून घेतो आणि बाकीचं हातानं करतो.

हातानं म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात, ते आम्हांला इथून दिसत आहेत. पण या गावाला हे नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानापासून. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते, तिथून इथे आले. पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१०मध्ये औंध संस्थानात जागा मिळून किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि कारखाना आपल्या गावातून गेला, त्याची हळहळ आमच्या आजोबांच्या पिढीनं पुष्कळ केली. दुकानात मोठी यंत्रं येण्याआधीही काम थांबलेलं नव्हतं, एवढं आम्हांला म्हणायचं आहे.

भाषणानंतर प्रश्न आले. एका ताईंनी विचारलं की मुलगा अकरावीत आहे, त्याला हौस आहे, तर काय घेऊन द्यावं? आम्ही म्हटलं, आधी चांगला बेंच व्हाइस, तीन कानशी आणि गॉगल. सहा महिन्यांनी त्याची हौस टिकली तर १३ मिलिमीटरचं ड्रिल, ज्याच्या चकाला डायल लावून आम्ही तपासून देऊ. त्यापुढे खरंच मिलिंग करावंसं वाटलं तर ड्रिलला जोडण्या लावण्यात पैसे घालू नका. ड्रॉ-बार असलेलं लहान मिलिंग मशीन, जुनं का असेना, शोधू. उद्यमबागेत जुनी मशीनं निघत असतात आणि ती पारखायला आम्ही चौघे मोकळेच आहोत.

दुसरा प्रश्न, मुली चालतील का? चालतील का म्हणजे काय, गेल्या चार महिन्यांत आमच्या शेडमध्ये कानस सगळ्यात सपाट चालते ती एका दहावीतल्या मुलीची. ओढणी, मोकळे केस, बांगड्या आणि हातमोजे मशीनपाशी नकोत, आणि हा नियम मुलांच्या हातातल्या कड्यांनाही आहे. फिरतं मशीन हातमोजा ओढून घेतं तेव्हा आतला हातही जातो. चकाची किल्ली चकात ठेवून कोणी मशीन सुरू केलं तर त्या दिवसापुरती त्याची सुट्टी. कीस हातानं झाडायचा नाही, ब्रश टांगलेला आहे. आणि स्विच हाताच्या अंतरावर हवा, मागच्या भिंतीवर नको.

देखावा समितीचे यंदा नऊ स्लॉट आहेत. चार अल्युमिनियमच्या पट्टीत, पाच लोखंडात. अल्युमिनियमचे चार आम्ही मुलांसमोर, मुलांच्याच हातून, पाव-पाव मिलिमीटरनं करून घेऊ. लोखंडाचे पाच कानशीनं. शेड रविवारी सकाळी आठ ते बारा उघडी असते. रात्री काम होणार नाही. येताना बूट घालून यावं, चपला घालून आलेल्यांना ओसरीवर बसून मार्किंग करायला मिळेल.